अग्निशामकाचे मूलभूत प्रशिक्षण कोठे घ्यावे आणि त्यात नेमके काय शिकवतात?

बार्शीकर_१९ (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात राहतो. दहावीला ६४ टक्के आणि यंदा बारावीला, कला शाखेतून, ५८ टक्के गुण मिळाले. वय १९ वर्षे, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ५६ किलो. घरी अडीच एकर कोरडवाहू शेती आहे. मला अग्निशमन दलात जायचे आहे.

हे मनात कसे आले ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवर कडब्याच्या गंजीला आग लागली. बंब आला, टाकीतले पाणी थोड्याच वेळात संपले, तेव्हा जवानांनी जवळच्या विहिरीत जाड काळा पाईप सोडला. इंजिन चालू होते, पण पाणी काही वर चढेना. त्यांच्यातल्या वयस्कर जवानाने पाईपचा एक जोड उघडला, आतून बोट फिरवून पाहिले, खिशातून रबराची चकती काढून बसवली, जोड पुन्हा आवळला आणि थोड्याच वेळात पाणी आले. गोठ्यातली जनावरे वाचली. एवढ्या गडबडीत दोष नेमका तिथेच आहे हे त्यांना कसे कळले, याचा विचार मी तेव्हापासून करीत आहे.

जवळच्या शहरातील एक खासगी संस्था एका वर्षाच्या ‘फायर’ डिप्लोमासाठी ५५ हजार रुपये मागते आणि सरकारी नोकरीची हमी देते. वडील कर्ज काढायला तयार आहेत, पण मला धीर होत नाही. तेथे प्रवेश घ्यावा की अन्य मार्ग आहे? अग्निशामकाच्या प्रशिक्षणात नेमके काय करून घेतात? आणि एक गोष्ट लपवत नाही: मला लहानपणापासून बंद, अंधाऱ्या जागेची भीती वाटते. अशा माणसाने या वाटेला जावे का?

निवृत्त_तांडेल

तुमच्या प्रश्नातील विहिरीचा प्रसंग वाचून फार बरे वाटले, कारण प्रशिक्षणाचे सार त्यातच आहे. आधी त्याचेच उत्तर देतो.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात पंप फक्त सक्शन पाईपमधील, म्हणजे विहिरीत सोडलेल्या त्या काळ्या पाईपमधील, हवा काढून टाकतो आणि विहिरीतील पाण्यावर असलेला वातावरणाचा दाब ते पाणी वर ढकलतो. हा दाब पाण्याला जास्तीत जास्त सुमारे १०.३ मीटरपर्यंत चढवू शकतो, आणि प्रत्यक्ष कामात सात मीटरच्या आसपास गेलात तरी पुष्कळ झाले. जोडातील वॉशर, म्हणजे ती रबराची चकती, झिजलेला किंवा गळून पडलेला असेल तर तेथून हवा आत शिरत राहते, निर्वात पोकळी तयार होत नाही आणि इंजिन कितीही फिरवले तरी पाणी चढत नाही. पाणी सात मीटरच्या आत दिसत आहे, गाळणी बुडालेली आहे, इंजिन ठीक चालले आहे, म्हणजे हवा जोडातून शिरत आहे, हे त्या जवानाने मनात क्रमाने तपासले असणार. ही तपासणी प्रशिक्षणात इतक्या वेळा करून घेतात की पुढे हात आपोआप त्या जोडाकडे जातो. खिशात जादा वॉशर ठेवण्याची सवय मात्र त्यांची स्वतःची. चांगल्या माणसांना ती लागते.

आता मार्गाविषयी. महाराष्ट्रात साधारणपणे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम. हे केंद्र मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, विद्यानगरी परिसरात आहे. राज्यातील बहुतेक नगरपरिषदा आणि अनेक महानगरपालिका अग्निशामक किंवा विमोचक या पदाच्या जाहिरातीत याच पाठ्यक्रमाचे प्रमाणपत्र मागतात, आणि सोबत एमएस-सीआयटीही मागतात. दुसरी वाट मुंबई महानगरपालिकेची. तेथे बारावी उत्तीर्ण उमेदवार मैदानी चाचणीतून निवडतात आणि प्रशिक्षण दल स्वतः देते. मात्र पुरुषांसाठी १७२ सेंटिमीटर उंचीची अट असल्यामुळे ती वाट तुमच्यासाठी बंद आहे. राज्य केंद्राच्या पाठ्यक्रमाला १६५ सेंटिमीटर उंची, ५० किलो वजन आणि ८१ सेंटिमीटर छाती, फुगवून पाच सेंटिमीटर जास्त, अशी अट राहत आली आहे आणि शिक्षण दहावीचे पुरते. म्हणजे तुम्ही तेथे बसता. वयाची कमाल मर्यादा मात्र कमी असते, त्यामुळे जाहिरात निघाली की त्याच वर्षी अर्ज करा.

प्रशिक्षणात दिवस पहाटे सुरू होतो. पीटी, मग स्क्वॉड ड्रिल, मग साहित्याची कवायत. पहिले काही आठवडे आग दिसतसुद्धा नाही, दिसतो तो होज, म्हणजे पाणी नेणारा लवचिक पाईप. ६३ मिलिमीटर व्यासाचा, १५ मीटर लांबीचा होज मध्यावर दुमडून गुंडाळायचा, जेणेकरून दोन्ही कपलिंग, म्हणजे टोकांचे जोड, बाहेरच्या बाजूला येतील. मग एका झटक्यात जमिनीवर सरळ सोडायचा, पीळ पडू द्यायचा नाही, कपलिंग आपटू द्यायचे नाही. नवशिक्याला हा खेळ वाटतो. पण हाच होज पाण्याने भरला की त्यात सुमारे ४७ लिटर पाणी मावते, म्हणजे प्रत्येक लांबीमागे सत्तेचाळीस किलो वजन आणि त्यावर दाब. अशा तीन लांब्या जिन्यातून वर न्यायच्या असतील आणि एका वळणावर पीळ राहिला असेल, तर वर ब्रँच (होजच्या टोकाची तोटी) धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पाण्याऐवजी वाराच येतो. आमचे प्रशिक्षक पीळ पडलेला होज आम्हाला पुन्हा गुंडाळून पुन्हा सोडायला लावीत आणि त्या वेळी त्यांचा राग यायचा. पुढे एका गोदामात माझा जोडीदार आत असताना पाणी एका क्षणासाठीही तुटले नाही, तेव्हा त्या कवायतीची किंमत कळली.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे नंबर. ड्रिलमध्ये प्रत्येकाला एक, दोन, तीन, चार असे नंबर देतात आणि प्रत्येक नंबराचे काम ठरलेले असते: कोण ब्रँच घेणार, कोण होज सोडणार, कोण हायड्रंटवर, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या नळावर, जाणार. दुसऱ्या दिवशी नंबर बदलतात. यामुळे वर्दी, म्हणजे आगीची खबर, आल्यावर कोणी कोणाला काही विचारत बसत नाही, आणि एखादा सहकारी पडला तर त्याचे काम दुसऱ्याला न सांगता करता येते.

शिडीची कवायत, दोर आणि गाठी, जखमीला खांद्यावर उचलण्याची पद्धत, प्रथमोपचार, आगीचे वर्ग आणि त्यानुसार विझविण्याची माध्यमे, पंपाची निगा हे सर्व त्या सहा महिन्यांत येते. यातील गाठी मला फार आवडत. बोलाईन ही गाठ पाठीमागे हात बांधल्यासारखी, न पाहता मारायला लावीत, कारण धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो.

धाराशिवचा_उमेदवार

तांडेल काकांनी मार्ग नीट सांगितला आहे. मी खासगी संस्थेबद्दलच लिहितो, कारण त्यात माझे दीड वर्ष आणि घरचे साठ हजार रुपये गेले.

मीही अशाच एका संस्थेत एक वर्षाचा डिप्लोमा केला. वर्ग एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर भरत. वर्षभरात आम्ही प्रत्यक्ष होज तीन वेळा हाताळला असेल, शिडी एकदा, आणि ती गच्चीवर आडवी ठेवून. प्रमाणपत्रावर मोठी मुद्रा होती, सोनेरी अक्षरे होती. एका नगरपरिषदेच्या भरतीत लेखी परीक्षेत माझे गुण चांगले आले. कागदपत्र पडताळणीच्या दिवशी टेबलावरच्या लिपिकाने प्रमाणपत्र पाहिले, जाहिरातीची प्रत माझ्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर पेन ठेवले. तेथे ‘राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र, मुंबई यांचा सहा महिने कालावधीचा पाठ्यक्रम’ असे स्पष्ट लिहिले होते. ती ओळ मी अर्ज भरतानाही वाचली होती, पण संस्थेतून ‘आपले प्रमाणपत्र समकक्ष आहे’ असे सांगितले गेले होते आणि मी ते लेखी मागितले नव्हते. मी बाहेर येऊन बसस्थानकावर दोन तास बसून राहिलो. घरी काय सांगायचे ते सुचत नव्हते.

सर्व खासगी संस्था वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. कारखान्यात किंवा मोठ्या इमारतीत सुरक्षेच्या कामासाठी काही ठिकाणचे शिक्षण उपयोगी पडते आणि तेथून नोकरी मिळालेले माझे मित्र आहेत. पण सरकारी नोकरीची हमी कोणतीही संस्था देऊ शकत नाही. पैसे भरण्यापूर्वी तुम्हाला ज्या पदावर जायचे आहे त्या पदाच्या मागील दोन-तीन जाहिराती काढा, शैक्षणिक अर्हतेची ओळ वहीत जशीच्या तशी उतरवा आणि संस्थेचे प्रमाणपत्र त्या ओळीशी शब्दशः जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर वडिलांना कर्ज काढू देऊ नका. पुढच्या वर्षी मी राज्य केंद्राचा पाठ्यक्रम केला. सध्या एका नगरपरिषदेत कामावर आहे.

बार्शीकर_१९

आपण दोघांनी एवढे सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. ती ओळ मी आजच काढून वडिलांना वाचून दाखवली आणि कर्जाचा विषय आमच्या घरात संपला. भीतीबद्दल कोणी सांगू शकेल का? माझ्या मनात तोच प्रश्न उरला आहे. लहानपणी धान्याच्या कणगीत अडकलो होतो, तेव्हापासून दार बंद झाले की छातीत धडधडते.

धूरघर_प्रशिक्षक

मी काही वर्षे नवीन जवानांना श्वसनयंत्राचे प्रशिक्षण दिले आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

धुरात जाण्यासाठी पाठीवर जो संच बांधतात त्याला आम्ही बीए सेट म्हणतो. त्यातील सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने हवा भरली की एकूण १,८०० लिटर हवा होते. मिनिटाला ४० लिटर वापर धरला तर ती ४५ मिनिटे पुरायला हवी. पण शेवटचे ५० बार परतीसाठी राखीव असतात, तेथे शिटी वाजू लागते, आणि घाबरलेला माणूस किंवा जिना चढणारा माणूस मिनिटाला ६० लिटरही सहज ओढतो. हिशेब मांडून पाहा: हातात साधारण पंचवीस मिनिटे उरतात. श्वास ताब्यात ठेवणे म्हणजे वेळ ताब्यात ठेवणे, हे पहिल्या तासाला फळ्यावर गणित करून दाखवतो आणि मगच मुखवटा चढवू देतो.

मुखवटा प्रथम उजेडात, मोकळ्या मैदानात घालायचा असतो. त्यात चालायचे, पायऱ्या चढायच्या, नाव-गाव मोठ्याने सांगायचे. नंतर मुखवट्याच्या काचेवर कागद लावून तेच करायचे. नंतर रिकाम्या खोलीत, नंतर अडथळे ठेवलेल्या खोलीत, आणि सर्वांत शेवटी धूर भरलेल्या धूरघरात. प्रत्येक वेळी जोडीने जायचे, एकट्याने कधीच नाही. हाताची पाठ भिंतीला लावून चालायचे, तळवा नाही, कारण उघडी तार असेल तर तळव्याची मूठ आवळून ती धरली जाते आणि हाताची पाठ लागली तर हात आकसून मागे येतो. पाय आधी पुढे सरकवून जमीन चाचपायची, मग त्यावर वजन टाकायचे. बाहेर नियंत्रण फलकापाशी एक जण आपले नाव, आत जाण्याची वेळ आणि सिलिंडरचा दाब लिहून उभा असतो.

माझ्या एका तुकडीत एक मुलगा होता. पहिल्या दिवशी धूरघराच्या दारातूनच परत फिरला, मुखवटा ओढून काढला आणि बाजूला जाऊन रडला. त्याला मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याला फक्त दाराशी बसवले आणि आत गेलेल्यांचे दाब फलकावर लिहायला सांगितले. चार दिवस त्याने तेच केले. आत गेलेला प्रत्येक जण ठरलेल्या वेळी बाहेर येतो, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले. पाचव्या दिवशी तो जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवून आत गेला आणि बाहेर येईपर्यंत मिनिटाला किती हवा वापरली हे सांगू शकला. आज तो चांगला जवान आहे.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो की बंद जागेत छाती धडधडणे हे अपात्रतेचे कारण नाही. मात्र ते प्रशिक्षकापासून लपवू नका. भीती लपवणारा माणूस धुरात मुखवटा काढतो आणि जोडीदारालाही संकटात टाकतो. मला काळजी वाटते ती अशांची. तुम्हाला श्वास कोंडणे, चक्कर येणे असा त्रास वारंवार होत असेल तर अर्ज करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

याच ओघात एक सांगावेसे वाटते. २०१५ च्या मे महिन्यात मुंबईत काळबादेवी येथे जळती इमारत कोसळली आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अनुभवी अधिकारी आपण गमावले. तेव्हापासून इमारत पडण्याची चिन्हे शिकवताना मी घाई करीत नाही. भेगा रुंदावणे, गिलावा गळणे, दारे चौकटीत अडकू लागणे, तुळयांचा करकर आवाज. ही यादी प्रशिक्षणार्थींनी झोपेतून उठवले तरी सांगावी, असा माझा आग्रह असतो.

जवान_ताई

वरील सर्वांशी सहमत आहे. मी महिला जवान म्हणून तयारीबद्दल लिहिते. ते मुलांनाही लागू पडते.

हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेतला, तोवर तेथे एकही मुलगी शिकलेली नव्हती. माझ्या आईने त्यांच्याबद्दलचे कात्रण जपून ठेवले होते आणि मला भरतीला पाठवताना ते हातात दिले. त्यामुळे आपल्याला हे जमेल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. कसे जमवायचे एवढाच विचार केला.

धावण्याचा सराव आताच सुरू करा. मुंबईच्या भरतीत ८०० मीटर धावणे, दोरावर चढणे आणि १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या चादरीत, उडी अशा चाचण्या होत्या. तुमची वाट वेगळी असली तरी शरीर त्याच दर्जाचे लागते. ८०० मीटर तीन मिनिटांच्या आत आले की पुढचे सोपे जाते. उडीची भीती पायांना असते. पायांवर उतरण्याचा मोह झाला की घोटा दुखावतो. पाय पुढे घेऊन बसल्यासारखे, पाठीवर पडायचे असते, आणि हे आधी शेतातल्या मऊ ढिगाऱ्यावर कमी उंचीवरून, घरच्या कोणाच्या देखरेखीखाली करून पाहा. तुमचे वजन अटीत बसते, पण होज ओढायला ते थोडे कमी पडेल. शेंगदाणे, गूळ, डाळी, दूध असे घरचेच खा आणि दोन वाळूच्या पिशव्या खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत जा. उन्हाळ्यात दुपारी हे करू नका.

वर्गात शिकवतात त्यातले निम्मे आपल्या स्वयंपाकघरात आहे, हे मला प्रशिक्षणात कळले. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला तर दिव्याचे बटण दाबायचे नाही, दारे-खिडक्या उघडायच्या आणि रेग्युलेटर बंद करायचा. कढईतले तेल पेटले तर त्यावर पाणी टाकायचे नाही, कारण पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट होते आणि ती जळते तेल छतापर्यंत उडवते; आच बंद करून झाकण ठेवायचे. प्रशिक्षकांनी आम्हाला हा तेलाचा प्रयोग लांबून, मैदानात करून दाखवला होता. ज्वाला वर गेली तेव्हा आमच्या ओळीतले सगळे जण एक पाऊल मागे सरकले.

दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही संचलन करतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गठड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. स्फोट झाला तेव्हा दलाचे लोक पाणी मारत होते. दलाचे ६६ जण तेथे मृत्युमुखी पडले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. वर्दी घेताना ‘आत काय साठवले आहे?’ हा प्रश्न आम्ही फोनवरच विचारतो, आणि तो विचारताना मला दर वेळी ते जहाज आठवते.

बार्शीकर_१९

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. कालपासून धावायला सुरुवात केली आहे. ८०० मीटरला तीन मिनिटे ४० सेकंद लागली. बोलाईन गाठ बैलाच्या कासऱ्यावर शिकत आहे. आपल्या तालुक्यातील अग्निशमन केंद्रात जाऊन साहित्य पाहायची परवानगी मिळेल का?

निवृत्त_तांडेल

बहुतेक ठिकाणी मिळते, फक्त वेळ पाळा. सकाळी पाळी बदलताना जाऊ नका, त्या वेळी हजेरी आणि साहित्याची मोजदाद चालू असते. ती उरकली की दारात उभे राहून केंद्रप्रमुखांची परवानगी मागा आणि बंबाच्या मागे किंवा पुढे उभे राहू नका, कारण वर्दी आली तर गाडी लगेच निघते. होज गुंडाळायला हात लावू दिला तर लावा, नाही तर नुसते पाहा. आणि तो विहिरीवरचा जवान तेथेच असेल तर त्याला कपलिंग उघडून वॉशरची खाच दाखवायला सांगा. चांगल्या आणि झिजलेल्या वॉशरमधला फरक बोटाने कळतो, तो आताच पाहून ठेवा.